ग्रुपवर सगळे 'हो' म्हणत असताना मला 'नाही' का लिहिता आलं नाही?

तिसरीच्या_बाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाला नावं ठेवायला मी इथे आलेली नाही.

गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ३१२ माणसांचा. लाइट कधी जाणार, पाणी कुठल्या आळीला सुटणार, कुणाची म्हैस सुटली, दहावा कुठल्या घाटावर, सगळं त्यावर येतं. ग्रुप चांगला आहे. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला रक्त हवं होतं, तर अर्ध्या तासात चार पोरं जीपमध्ये बसून तालुक्याला निघाली होती, ती या ग्रुपमुळेच. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी 'गावच तसलं' म्हणायला नको.

मागच्या मंगळवारी रात्री पावणेदहाला त्यावर एक फोटो आला. एसटी स्टँडमागची पाण्याची टाकी, टाकीपाशी गाठोडं घेऊन बसलेली एक बाई, शेजारी नऊ-दहा वर्षांचा मुलगा. खाली मजकूर असा, की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, बायका वस्तू विकायच्या निमित्ताने घरं हेरतात, सोबतचा मुलगाही पळवलेलाच आहे, पोलिसांनी कन्फर्म केलंय, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

ती बाई माझ्या ओळखीची आहे. सुया, दाभण, बिब्बे, काळे मणी, फण्या विकते. तो मुलगा तिचा सख्खा नातू. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची पालं दोन महिने गायरानात होती, तेव्हा मीच पालावर जाऊन त्याला शाळेत आणला होता. पाढे येत नव्हते त्याला, पण सुट्ट्या पैशांचा हिशोब वर्गात सगळ्यांच्या आधी सांगायचा. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. त्याच्या अंगात आकाशी शर्ट होता. आमच्याच शाळेच्या गणवेशाचा शर्ट! वरून दुसरं बटण लाल. ते बटण मी लावलंय. त्याचं तुटलं होतं आणि माझ्या पर्समध्ये तेवढं एकच होतं, म्हणून पांढऱ्या बटणांत एक लाल. गावातल्या निम्म्या घरांत तोच शर्ट दोरीवर वाळत असतो आणि तो फोटो बघणाऱ्या एकाही माणसाला तो दिसला नाही.

मी लिहायला घेतलं: 'ही बाई माझ्या ओळखीची आहे, मुलगा तिचा नातू आहे, आपल्या शाळेत होता.' पण तेवढ्यात गावातल्या एका वजनदार माणसाचं आलं, 'सर्वांनी सावध राहा.' पाठोपाठ एकाचे जोडलेले हात. मग दुसऱ्याचे. मग 'माहितीबद्दल धन्यवाद'. मग एका पालकाचं, 'दिसली तर सोडायची नाही.' त्यावर अंगठे. मी लिहिलेलं पुसलं. परत लिहिलं, 'खात्री करून घेऊ या का?' तेही पुसलं. तिसऱ्या खेपेला मी काय पाठवलं, ते सांगायला जीभ रेटत नाही. मी जोडलेले हात पाठवले. म्हणजे माझ्यासकट वीसेक जणांचं पाहून एकविसाव्या माणसाने वाचलं असेल तेव्हा त्याला दिसलं असेल, की शाळेच्या बाईंचंही हेच म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर तिला अडवलं. मारहाण झाली नाही, देवाची कृपा. सायकल दुरुस्तीवाले म्हातारे बाबा मध्ये पडले, त्यांनी तिला दुकानात बसवलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले, कागद पाहिले, तिला सोडलं. पण तोवर तिचं गाठोडं भर रस्त्यात उलटं केलं होतं. मी शाळेत जाताना तिथून गेले. मातीत काळे मणी पसरले होते, आणि सुयांची एक पुडी कुणाच्या तरी पायाखाली येऊन दबली होती. ती मी उचलली. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, हे असं का होतं? मी भित्री नाही हो. केंद्रप्रमुखांशी गणवेशाच्या पैशांवरून भांडलेली बाई आहे मी. समोरासमोर कुणी विचारलं असतं तर ताडकन सांगितलं असतं. मग फोन हातात असताना, घरात एकटी बसलेली असताना, कुणी डोळे वटारलेले नसताना बोटं का थांबली? आणि दुसरी, आता आठवडा उलटून गेलाय, तर आता लिहिण्यात काही अर्थ आहे का? कुणी काही बोलत नाही. ग्रुपवर परवापासून सोसायटीच्या खतांचा विषय चालू आहे.

आड_आणि_पोहरा

बाई, तुमचं बटण वाचून थांबलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, मराठवाड्यात. तुमच्या पहिल्या प्रश्नावर दरवर्षी दोन तास घेतो, त्यामुळे थोडं लांबेल.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग केला. सात-आठ मुलं ओळीने बसवायची. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कुठली, एवढंच सांगायचं, मोठ्याने, क्रमाने. प्रश्न इतका सोपा की तुमच्या तिसरीतली मुलं चुकायची नाहीत. पण त्या ओळीत खरा विद्यार्थी एकच, बाकीचे शिकवून बसवलेले. १८ वेळा रेघा दाखवायच्या आणि त्यातल्या १२ वेळा हे शिकवलेले सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर देणार. खऱ्या मुलाचा नंबर शेवटी-शेवटी. असे एकूण १२३ विद्यार्थी तपासले. त्या १२ फेऱ्यांतली एकतृतीयांशाहून थोडी जास्त उत्तरं गटाच्या बाजूने गेली, म्हणजे चुकली. साधारण चौथा हिस्सा मुलं मात्र एकदाही वाकली नाहीत.

हा प्रयोग 'माणसं मेंढरं असतात' एवढंच सांगून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. अ‍ॅशने नंतर त्या मुलांशी बोलून पाहिलं. काहींना खरंच वाटलं की आपलेच डोळे चुकतायत. पुष्कळांना खरं उत्तर दिसत होतं, पण आपण वेगळे पडू, बाकीच्यांचा विचका करू, या धास्तीने ते सगळ्यांचं तेच बोलले. तुम्ही या दुसऱ्यांतल्या. तुम्हाला लाल बटण दिसतच होतं.

आता 'समोर कुणी नसताना' या तुमच्या मुद्द्याकडे येतो. समोर कुणी नव्हतं असं तुम्हाला वाटतं, पण ३१२ जण होते. चावडीवर तुम्ही बोलला असता तर दहा चेहरे दिसले असते, त्यातल्या एखाद्याने मान हलवली असती, एखादी बाई 'हो, मीही तिच्याकडून बिब्बे घेते' म्हणाली असती. ग्रुपवर गप्प बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते फक्त अंगठे आणि जोडलेले हात. म्हणजे वीस माणसं बोलली आणि जवळजवळ तीनशे गप्प राहिली, तरी वाचणाऱ्याला वीसचं मत गावाचं मत वाटतं. आणि गप्प बसलेला प्रत्येक जण बाकीच्यांच्या गप्प बसण्याला होकार समजून आणखी गप्प बसतो. जर्मनीत एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली याच गोष्टीवर लिहिलं. आपलं मत थोड्यांचं आहे असं वाटलं की माणूस ते बोलत नाही, न बोलल्यामुळे ते आणखी थोड्यांचं दिसतं. मी वर्गात याला मौनाचा भोवरा म्हणतो.

माझ्या वर्गात मी दरवर्षी एक करून बघतो. फळ्यावर काहीतरी उघड चुकीचं लिहितो, आधी दोन-तीन हुशार मुलांना फितवून ठेवतो आणि हात वर करून मत घेतो. बहुतेक हात वर येतात. मग तेच चिठ्ठ्यांवर, नाव न घालता. चिठ्ठ्यांचा निकाल दरवर्षी वेगळा येतो. अ‍ॅशलाही हेच दिसलं होतं, उत्तर गुपचूप कागदावर लिहू दिलं की लोक गटाच्या मागे फार कमी जातात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच प्रयोगात आहे, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. अ‍ॅशने ओळीत एकच माणूस असा बसवला जो खरं उत्तर देईल. एकच! तेवढ्याने गटाच्या मागे जाऊन होणाऱ्या चुका जवळपास चौथ्या हिश्श्यावर आल्या. म्हणून माझं ऐका, लिहा, पण एकटीने लिहू नका. आधी गावातल्या दोन माणसांना फोन करा. ते सायकलवाले बाबा ग्रुपवर नसतील, पण कुणीतरी असेलच. 'मी आठ वाजता लिहिते, तुम्ही लगेच खाली लिहा' एवढं ठरवा. दुसरा आवाज पाच मिनिटांत आला पाहिजे. पहिला एकटा पडला की लोक घाबरतात.

मुंब्र्याचा_डोंगर

प्राध्यापकसाहेबांनी छान सांगितलं. फक्त एक. हे सगळं फोनने आणलं असं बाईंनी वाटून घेऊ नये. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून सगळा देश रांगेत उभा होता, तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल होता? मी ठाण्यात राहायचो. सकाळी मेहुण्यांचा दिल्लीहून एसटीडी फोन आला, 'मूर्ती दूध पितेय, बघून या.' आई, मी आणि शेजारच्या काकू स्टीलचं भांडं आणि चमचा घेऊन निघालो. देवळापुढे दीड तास रांग. दूधवाल्याकडचं दूध दुपारच्या आत संपलं होतं.

माझा नंबर आला. चमचा सोंडेला टेकवला. दूध कमी झालं, हे खरं. पण मला हेही दिसलं, की मूर्तीच्या छातीवरून दुधाची पातळ धार खाली उतरत होती, पोटावरून पाटावर, पाटावरून मोरीत. गाभाऱ्याची मोरी पांढरी वाहत होती. मी ते स्वच्छ पाहिलं. मागच्याने विचारलं, 'प्यायला का?' मी म्हणालो, 'प्यायला.' माझ्या मागे आई उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही बोलवलंच नाही.

नंतर सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की ते पृष्ठताणाने चमच्यातून खेचलं जातं आणि मूर्तीवरून ओघळतं. तीस वर्षं झाली. आई गेली. मोरी अजून डोळ्यांसमोर आहे.

आड_आणि_पोहरा

काका, तुमचं वाचून सांगावंसं वाटलं. अ‍ॅशचा जन्म वॉर्सातला, ज्यू घरातला. लहानपणीची त्यांचीच आठवण आहे. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री जेवणाच्या पंगतीत एक जास्तीचा प्याला भरून ठेवतात, एलिया प्रेषितासाठी. छोट्या अ‍ॅशने विचारलं, हा कुणाचा? त्याचे काका म्हणाले, नीट बघ, तो येऊन घोटभर पिऊन जाईल. मुलगा टक लावून बसला आणि त्याला खरंच वाटलं, प्याल्यातली पातळी किंचित उतरली. पुढे आयुष्यभर त्या प्रश्नाचाच पाठलाग केला त्यांनी. तुमचा चमचा आणि त्यांचा प्याला एकाच पंगतीतले.

दोन_लेकरांची_आई

मला इथलं सगळ्यांचं बोलणं जरा एकतर्फी वाटतंय. बाई, तुम्हाला ती बाई ओळखीची होती म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. नसती तर? माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. असा मेसेज आला की मी पुढे पाठवतेच. खोटा निघाला तर काय बिघडलं, चार लोक सावध राहिले. खरा निघाला आणि मी पाठवला नसता तर? 'सर्वांनी सावध राहा' म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही सगळे मिळून गुन्हेगार ठरवू नका. त्यालाही मुलं असतील.

ग्रुपचा_वॉचमन

ताई, तुमची भीती खरी आहे, तिला कुणी नावं ठेवत नाहीये. पण 'खोटा निघाला तर काय बिघडलं' यावर मी बोलणार. मी आमच्या भागातल्या दोन मोठ्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, एकात हजाराच्या आसपास लोक आहेत.

२०१७-१८ मध्ये एक व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि एका मुलाला उचलून पळतात. तुम्हीही पाहिला असेल. तो मूळचा कराचीतला. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती ती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, मुलाला जागेवर सोडतात आणि पालकांसाठी लिहिलेला फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. तेवढे काही सेकंद गेले आणि सावध करणाऱ्या फिल्मची आपल्याकडे अफवा झाली. त्या वर्षी या अफवेपायी देशात ठिकठिकाणी माणसं मारली गेली. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली ती त्यानंतरच. २०२० पासून ज्याच्यावर दोन बाण दिसतात, म्हणजे जो बऱ्याच हातांतून पुढे आलाय, तो मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. बाईंनी सांगितलेल्या मेसेजवर दोन बाण नसणार, कारण फोटो गावातच काढला होता. मजकूर मात्र बाहेरून आलेला दिसतोय, 'पोलिसांनी कन्फर्म केलंय' हे शब्द मी दर पावसाळ्यात वाचतो. जुना मजकूर, नवा फोटो. हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण फोटो ताजा आणि आपल्या टाकीचा असला की मजकूरही ताजा वाटतो.

मी काय करतो ते सांगतो. असा फोटो आला की आधी ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' वर टाकतो, म्हणजे हात जोडण्याची रांग लागत नाही. मग पोलीस ठाण्याला फोन. मग जे कळलं ते ग्रुपवर, ठाण्यात कुणाशी बोललो आणि किती वाजता ते घालून. मग ग्रुप मोकळा. सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. लोक सुरुवातीला चिडले, म्हणाले तोंड दाबतोस. आता स्वतःच फोन करतात, 'भाऊ, बंद कर, असलं काहीतरी आलंय.' काही अ‍ॅडमिन म्हणतात आम्ही कशाला जबाबदार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, की सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर अ‍ॅडमिनचाही तोच हेतू होता असं दिसल्याशिवाय केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याच्यावर गुन्हा लागत नाही. बरोबर आहे. पण गुन्हा लागत नाही म्हणून झोप लागते असं नाही.

आणि ताई, संशय आलाच तर ११२ ला फोन करा. खरा असेल तर पोलिसांना कळणं जास्त कामाचं. ग्रुपवर टाकून टोळी सापडत नाही, गाठोडंवाली सापडते.

डौर

मी डवरी गोसावी समाजातला. शिकून पुण्यात नोकरी करतो. इथे वाचून गप्प राहणार होतो, पण बाईंनी लिहिलंय की बोटं थांबली, तर माझी तरी थांबू नयेत.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जण मारले गेले. आमच्याच समाजातले, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. आठवडे बाजार होता. मुलं पळवणारे समजून गर्दीने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मारलं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही डमरूसारखा डौर वाजवत, नाथांची गाणी म्हणत गावोगाव भिक्षा मागितली. गावं आम्हाला ओळखायची. माझे वडील सांगतात, 'आमचा आजा ज्या दारात उभा राहिला त्याच दारात मी उभा राहायचो.' त्या रविवारनंतर वडील वर्षभर बाहेर पडले नाहीत. पुढे निघाले तेव्हा आधार कार्ड, रेशन कार्ड, सरपंचाचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधलं. अजूनही नव्या गावात शिरण्याआधी पोलीस पाटलाचं घर विचारतात. पाच मिनिटं तिथे बसतात, नाव सांगतात, मगच पुढची आळी. सत्तरीचा माणूस भाकर मागण्याआधी 'मी चोर नाही' हे सांगून येतो.

ताईंना एवढंच सांगायचंय. ज्याचा फोटो फिरतो तो माणूस त्या ग्रुपवर नसतो. त्याला त्याची बाजू लिहिता येत नाही. सगळ्या गावाच्या हातात त्याचा चेहरा असतो आणि तो स्टँडवर बसून चहा पीत असतो, त्याला काही माहीत नसतं. माझ्या वडिलांकडे साधा फोन आहे, बटणांचा. त्यांचा फोटो कुठल्या कुठल्या गावाच्या ग्रुपवर आहे हे त्यांना कधीच कळणार नाही.

बाई, तुम्ही त्या पोराला पालावरून शाळेत आणलंत. मी असाच एका बाईंमुळे शाळेत गेलो. तुम्ही लिहा. आठवडा झाला म्हणून उशीर झाला असं समजू नका. ती बाई पुढच्या वर्षी परत येईल किंवा येणार नाही, ते तुमच्या गावात पुढे काय बोललं जातं त्यावर आहे.

दोन_लेकरांची_आई

दादा, तुमचं दोनदा वाचलं. मी दोन आठवड्यांपूर्वी असाच एक मेसेज पाठवला होता, चार ग्रुपवर. त्यात एक म्हातारे बाबा होते, भगव्या कपड्यातले. मी तो माझ्या बाजूने चारही ठिकाणी जाऊन पुसायला गेले, पण मुदत गेली होती, पुसला जात नाही. आता प्रत्येक ग्रुपवर लिहिते आहे की तो मेसेज मी खात्री न करता पाठवला होता.

मुंब्र्याचा_डोंगर

ताई, +१. तुम्ही केलंत ते मला १९९५ साली जमलं नव्हतं.

तिसरीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लिहिलं. कसं झालं ते सविस्तर सांगते.

सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी फोन केले. पहिला अंगणवाडीच्या ताईंना. त्या पलीकडून पटकन म्हणाल्या, 'अहो बाई, मलाही त्याच रात्री लिहायचं होतं. तुम्ही हात जोडलेले दिसले, म्हटलं बाईंना जास्त माहीत असेल.' मी खुर्चीत बसूनच राहिले. म्हणजे माझ्याकडे बघून त्या थांबल्या होत्या. त्यांच्याकडे तर त्या पोराच्या धाकट्या बहिणीचं वजन लिहिलेलं आहे रजिस्टरमध्ये. दुसरा फोन किराणावाल्या दादांना. ते आधी 'कशाला उगाच' म्हणाले, धंद्याचा माणूस आहे, समजू शकते. मी लाल बटणाचं सांगितलं. त्यांनी फोन चालू ठेवूनच फोटो उघडला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'आठला ना? बसतो.'

आठ वाजून दोन मिनिटांनी पाठवलं. कुणाला दोष दिला नाही. बाई कोण, नातू कोण, कुठल्या वर्गात होता, शर्ट कुणाचा, बटण कुणी लावलं, एवढंच. आणि शेवटी, त्या रात्री मला हे माहीत असून मी हात जोडले, ती माझी चूक झाली. अंगणवाडीच्या ताईंचं एका मिनिटात आलं, किराणावाल्या दादांचं तीन मिनिटांत. मग दहा मिनिटं काहीच नाही. ती दहा मिनिटं फार वाईट गेली, फोन उपडा ठेवून भांडी घासली. परत पाहिलं तर अकरा जणांनी लिहिलं होतं. एका आजीने नातवाकडून आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, की माझ्या बाळंतपणात हिच्याच सासूने आणून दिलेले बिब्बे वापरले, ती चोर कशी असेल. ज्याने फोटो टाकला त्याने काही लिहिलं नाही. 'सोडायची नाही' लिहिणारा पालक आज सकाळी मुलाला सोडायला आला, गेटपाशी घुटमळला, 'बाई, ते बटण...' एवढंच म्हणून गेला. एकाने मला वेगळा मेसेज केलाय की शिक्षकांनी गावच्या भानगडीत पडू नये. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही, देणार आहे.

वॉचमनभाऊ, तुमची 'फक्त अ‍ॅडमिन'ची गोष्ट आमच्या अ‍ॅडमिनला पाठवली, बघू या म्हणाला.

डौरदादा, तुम्हाला उत्तर लिहायला मला शब्द सुचत नाहीत. प्रवेश निर्गम रजिस्टरमध्ये त्या मुलाचं मूळ गाव लिहिलेलं सापडलं, आणि आजीचा एक फोन नंबरही, पण तो लागत नाही. सायकलवाले बाबा म्हणतात की त्यांची पालं सध्या घोडेगाव रस्त्याला आहेत, बाजाराच्या अलीकडे. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटली की अंगणवाडीच्या ताई आणि मी जाणार आहोत. सुयांची पुडी घेतली आहे. मणी जेवढे वेचता आले तेवढे पोरांनी वेचून दिले, एका काचेच्या बाटलीत भरलेत. आणि पांढरी बटणं घेतली आहेत, पण लाल काढायचं की नाही ते त्यालाच विचारीन.